गोळी आत गेल्यावर

मेश्रामभाऊंच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा वत्सलाताईंनी मला फ्रिजमधून दही काढायला सांगितलं. दह्याच्या पातेल्याला टेकून एक प्लास्टिकचा डबा होता. चटणी असेल म्हणून मी तोही काढला आणि झाकण उघडलं. आत रायफलची काडतुसं होती, खोक्यात अंडी ठेवावीत तशी, टोकं वर करून.

"ती नाही," ताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "ती ह्यांची. ठेव परत आत. थंड होऊन राहिलीत."

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात मेश्रामभाऊ स्वयंपाकघरात आले. ते कधीच नुसते येत नसत, काहीतरी शोधत येत. त्यांनी डबा माझ्या हातून घेतला, एक काडतूस उचलून गालाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "नोव्हेंबरात वर जंगलात बर्फ असतो. इथे अंगणात उन्हाळ्यात एकशे दहा डिग्री फॅरनहाइट. दारू दोन्हीकडे सारखी जळते का, ते पाहायचं आहे. दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी या घरात येत नाही."

मी पुण्याहून अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. गावात अजून कापसाची शेतं होती, वारा फिरला की डेअऱ्यांचा वास यायचा, आणि त्या शेतांच्या मधोमध आमची चिप बनवणारी कंपनी उभी होती. मला गाडी चालवता येत नव्हती. मेश्रामभाऊ माझ्या अपार्टमेंटवरून जात, म्हणून मी त्यांच्याबरोबर कामाला जायची. ऑफिसात सगळे त्यांना हॅरी म्हणत. मूळ नाव हरिदास. मी पहिल्या दिवशी 'सर' म्हटलं तर ते म्हणाले, "सर इथे पोलिसाला म्हणतात. भाऊ म्हण. आमच्या भंडाऱ्याकडे बसच्या कंडक्टरलाही भाऊच म्हणतात."

त्यांचं काम होतं निकामी झालेल्या चिप तपासण्याचं. गिऱ्हाइकाकडून परत आलेली चिप कापायची, घासायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि ती का मेली ते शोधायचं. इतर लोक "खराब निघाली, बदलून द्या" म्हणून मोकळे होत. भाऊंना ते चालत नसे. मीटिंगमध्ये ते खुर्चीच्या कडेवर बसत, पाय हलवत, पेनाचं टोपण काढत-लावत, आणि शेवटी न राहवून विचारत, "ते ठीक आहे, पण आत काय झालं?" हा प्रश्न ते कशाबद्दलही विचारत. शेजाऱ्याचा घटस्फोट झाला तरी, आणि दूध फाटलं तरी.

शिकारीचा नाद त्यांना लावला तो डेलनं. डेल आमच्याकडे मशीनं दुरुस्त करायचा. उंच, सावकाश चालणारा, सूर्यफुलाच्या बिया चघळणारा माणूस. तीन पिढ्या ॲरिझोनात. डेल हरीण मारी, साफ करी, फ्रीजरमध्ये भरी आणि वर्षभर खाई. भाऊ त्याच्याबरोबर पहिल्या वर्षी नुसते बघायला गेले. दुसऱ्या वर्षी रायफल घेतली. तिसऱ्या वर्षी दुकानातली काडतुसं त्यांना पटेनाशी झाली आणि ते घरी स्वतः भरायला लागले.

मुलगी कॉलेजला गेली होती, तिची खोली रिकामी होती. गॅरेजच्या उन्हानं दारू बिघडते म्हणून भाऊंनी त्या खोलीतल्या अभ्यासाच्या टेबलावर काडतुसं भरायचा हातदाबाचा प्रेस बसवला. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, पुन्हा मापात आणायच्या, बुडाशी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वरून गोळी दाबायची. तराजू असा की श्वास लागला तरी काटा हले. भाऊ तोलताना श्वास धरत. एरवी क्षणभर गप्प न बसणारा हा माणूस तेव्हा तोंड मिटून असे, पण टेबलाखाली पाय हलतच असत. मुलगी फोनवर विचारायची, "डॅड, आर यू कुकिंग बुलेट्स इन माय रूम अगेन?" आणि भाऊ म्हणायचे, "नाही बेटा, खिडकी उघडी ठेवली आहे." प्रश्न काय, उत्तर काय.

काडतुसं भरणारे लोक तिकडे पुष्कळ. बहुतेकांना हवी असते अचूकता, कागदावर भोकाला भोक लागावं एवढंच. भाऊंचं कुतूहल भोकाच्या पलीकडे सुरू व्हायचं. शिकारीची गोळी आत गेल्यावर पुढून उघडायला हवी, हे मला त्यांनीच सांगितलं. आत मऊ शिसं, वरून तांब्याचा पातळ अंगरखा. जनावराला लागली की तिचं टोक फुलून पसरतं. "आमच्याकडे पावसाळ्यात सात्या निघतात ना, जंगली छत्र्या? तशी," ते म्हणायचे. फार लवकर फुलली तर वरवर चिंध्या होतात आणि जनावर जखमी होऊन पळतं. फुललीच नाही तर दाभण टोचल्यासारखी आरपार जाते आणि जनावर तरीही पळतं. या दोहोंच्या मध्ये जी गोळी नेमकी वागते, तिच्यामुळे जनावर जागच्या जागी पडतं, कळायच्या आत.

डेलला हे सगळं अती वाटे. "हरीण मेलं ना? मग गोळी चांगली होती," तो म्हणायचा.

"मेलं हा निकाल झाला," भाऊ म्हणायचे. "मला उत्तरपत्रिका पाहायची आहे."

उत्तरपत्रिका पाहण्यासाठी त्यांनी काय काय केलं, ते चँडलरच्या मराठी मंडळींना अजून आठवत असेल. एका दिवाळीला सगळे एका शाळेच्या हॉलमध्ये जमले होते. भाऊ हातात फराळाची कागदी बशी घेऊन एकेका कुटुंबाजवळ जात आणि विचारत, "जुनी टेलिफोन डिरेक्टरी आहे का घरी? टाकू नका, मी येऊन घेऊन जातो." लोकांना वाटलं, काही समाजकार्य असेल. एका काकूंनी कौतुकानं चार डिरेक्टऱ्या स्वतः आणून दिल्या. भाऊंनी त्या अंगणातल्या टबात रात्रभर भिजवल्या, वाळवंटात नेऊन एकामागे एक उभ्या केल्या आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ओला कागद मांसासारखा विरोध करतो म्हणे. मग तो सगळा लगदा ट्रंकेत घालून घरी. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ते एकेक पान उलटत बसले. मी ताईंकडे वाटली डाळ द्यायला गेले होते.

"हे बघ अनघा, ही 'डी'च्या आडनावांपाशी उघडायला लागली. 'एच'पर्यंत पूर्ण फुलली. 'आर'मध्ये थांबली. किती छान."

"माझ्या ओट्यावर अख्खं फिनिक्स शहर मारून ठेवलं आहे ह्यांनी," ताई म्हणाल्या.

गोळी सापडली की ते ती धुवून तोलत. मूळ वजनातलं किती उरलं, किती वाटेत सांडलं. मग तिला मधोमध कापून भिंगाखाली धरत. कंपनीत दिवसभर जे करत, तेच.

त्या वेळी ते जी गोळी वापरत होते ती बदलण्याचं कारण मात्र भिंग नव्हतं. एका हिवाळ्यात त्यांनी आणलेल्या हरणाचा खिमा ताईंनी केला. जेवताना ताई थांबल्या, तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. मोहरीएवढा शिशाचा कण. "हे माझ्या दाताखाली आलं," एवढंच म्हणाल्या आणि पुढे जेवल्या. भाऊ जेवले नाहीत. कण चिमटीत घेऊन दिव्याकडे धरून बसले. दुसऱ्याच आठवड्यात शिसं बंद झालं. तेव्हा नव्यानं निघालेली, अख्खी तांब्याची गोळी त्यांनी मागवली. टोकाला छोटा खड्डा, आत जाताच चार पाकळ्यांनी उघडणारी, कण न सांडणारी. ओल्या डिरेक्टऱ्यांत ती इतकी सुबक उघडली की भाऊ एक गोळी खिशात घेऊन हिंडत आणि लॅबमध्ये येईल त्याला दाखवत.

त्यांच्या या नादाचा एक कोपरा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मेश्राम कुटुंब बौद्ध. महिन्यातून एका रविवारी कुणाकडे तरी वंदना असे, एप्रिलात जयंतीला मोठा कार्यक्रम. एकदा जयंतीनंतर चहा घेताना तिथल्या एका वयस्क डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "हरिदास, पंचशीलातली पहिलीच ओळ प्राणिहत्येची. ती म्हणताना तुझं काय होतं?"

भाऊ म्हणाले, "म्हणतो, आणि लाज वाटते. पण दुकानातलं चिकन घेतानाही मला तीच लाज वाटते, डॉक्टरसाहेब. माझ्यासाठी दुसऱ्यानं मारलं, एवढाच फरक. मारायचंच तर माझ्या हातून मरणाऱ्याला त्रास होऊ नये, एवढं मी पाहू शकतो. ते तरी नीट पाहावं म्हणतो."

डॉक्टर वाईट मनाचे नव्हते. त्यांनी मान हलवली. पण परतताना गाडीत भाऊ तीनतीनदा आरसा नीट करत होते. मध्येच म्हणाले, "उत्तर बरोबर नाही दिलं मी. पण दुसरं आहे कुठे?"

आणि मग तो शरद ऋतू आला.

एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड जनावर. ॲरिझोनात एल्कच्या नराची शिकार करायची तर सरकारी सोडतीत नाव निघावं लागतं, आणि माणसं वर्षानुवर्षं वाट पाहतात. त्या वर्षी डेलचं नाव निघालं. त्यानं रायफलपासून तंबूपर्यंत सगळं काढलं, पुसलं, आणि भाऊंना म्हणाला, "काडतुसं तू भरून दे. तुझ्याइतकी काळजी दुकान घेत नाही."

भाऊंना झालेला आनंद लपला नाही. तांब्याच्या गोळीची एक पेटी त्यांनी भरली. पुन्हापुन्हा तोलून, एकेक पुंगळी निवडून. पेटीवर डेलचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'एल्क'.

दोघं मिळून रिमवर गेले. राज्याच्या मधोमध जमीन एकदम उंचावते आणि पाइनचं जंगल सुरू होतं, त्या कड्याला सगळे नुसतं रिम म्हणतात. शेवटच्या दिवशी, ऊन उतरताना, एका दरीच्या पलीकडच्या उतारावर त्यांना मोठा नर दिसला. फार लांब. एरवी डेल तेवढ्या लांबून मारणारा नव्हता. पण दिवस संपत होता, आणि असं नाव पुन्हा निघायला म्हातारपण उजाडलं असतं. त्यानं गोळी झाडली. नर उड्या मारत झाडीत गेला.

"चुकली," डेल म्हणाला.

भाऊ दुर्बिणीतून पाहत होते. त्यांना वाटलं, पळण्याआधी जनावराची पाठ क्षणभर वाकली. पोटात कळ आल्यावर माणूस वाकतो तशी. दोघं दरी उतरून पलीकडे गेले, अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी काम बुडवून पुन्हा शोधलं. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. डेल म्हणाला, "हॅरी, मी चुकलो. होतं असं." त्यानं ते मान्य केलं आणि घरी येऊन शांत झोपला.

भाऊ झोपले नाहीत. गाडीत मला ते एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत. पाठ वाकली होती की सावली होती? वाकली होती तर रक्त काहून नाही? लाल दिव्याला थांबले की स्टिअरिंगवर बोटं वाजवत, दिवा हिरवा झालेला त्यांना कळत नसे, मागचा हॉर्न वाजवी. शनिवारी ते एकटे पुन्हा रिमवर गेले. तिथे बर्फ भुरभुरला होता. घसरून पडले, हात खरचटून आले. त्याच्या पुढच्या शनिवारी निघाले तेव्हा ताई स्वेटर घालून गाडीत येऊन बसल्या. "एकटे जायचं नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तूही चल. दोघींचे डोळे होतील."

वाटेत पेट्रोल भरायला भाऊ उतरले, तेव्हा ताईंनी मला सांगितलं. भाऊंच्या गावात एकाकडे भरमार बंदूक होती. नळीत अंदाजानं मूठभर दारू, अंदाजानं छर्रे. त्यानं एका संध्याकाळी रानडुकराला मारलं, ते जखमी होऊन धानाच्या बांधीत शिरलं. सकाळी भाऊंची आत्या निंदायला गेली. डुकरानं तिची मांडी फाडली. तीन दिवसांनी आत्या गेली. बंदूकवाला गावभर सांगत होता, माझा नेम लागला नव्हता, ते डुक्कर दुसरंच. "हे ते स्वतः कधी बोलत नाहीत," ताई म्हणाल्या. "तूही विचारू नको." भाऊ परत आले, काचा पुसायला लागले, पुसलेली काच पुन्हा पुसली.

त्या दिवशी आम्ही दरीच्या तळाशी पांगून चाललो. मला जंगलातलं काही कळत नव्हतं. पाइनच्या सुया, कातळ, वितळता बर्फ. दुपारी ताईंनी हाक मारली. एका अरुंद घळीच्या वर कावळे घिरट्या घालत होते.

नर तिथे होता. पडलेल्या ओंडक्याला टेकून, शिंगं मातीत रुतलेली. कोल्ह्यांनी मागून खाल्लं होतं, पण थंडीमुळे पुढचा भाग बराचसा शाबूत होता. गोळी लागलेल्या ठिकाणापासून तो मैलभर चालून आला होता. मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. भाऊ गुडघ्यांवर बसले, सुरी काढली आणि कितीतरी वेळ वाकून काम करत राहिले. ताई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, पदर नाकाला लावून, पण हलल्या नाहीत.

शेवटी भाऊ उठले. तळहातावर गोळी होती. ती उघडलीच नव्हती. टोकाचा खड्डा थोडा चेपलेला, बाकी पेटीतून काढावी तशी. दोन बरगड्यांमधून शिरून, फुप्फुसाला सुईसारखं भोक पाडून ती पलीकडच्या खांद्यात रुतली होती. बारीक भोक कातडीनं मिटलं, म्हणून रक्त नाही.

"लांब गेली की वेग पडतो," भाऊ म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "वेग पडला की ही उघडत नाही. मी डिरेक्टऱ्या जवळ ठेवून मारल्या. लांबून मारून पाहिलंच नाही." मग नराकडे वळून, "रात्रभर चालला असेल हा."

रिमवरून खाली आल्यावर त्यांनी वनखात्याच्या अधिकाऱ्याला फोन करून जागा सांगितली. शिंगं तिथेच सोडली.

परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, "डेलला सांगू नका. त्याला वाटते चुकली, तर वाटू द्या. तो सुखात आहे." मलाही तेच वाटत होतं, आणि मी तसं म्हटलं.

भाऊंनी गाडी कडेला घेतली. "पेटीतली बाकीची त्याच्याकडेच आहेत," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी हरणावर तीच वापरेल. त्याच्या पोराला देईल. माझ्या अक्षरात वर लिहिलेलं आहे."

सोमवारी कंपनीच्या पार्किंगमध्ये त्यांनी डेलला गाठलं. मी गाडीतून डबा काढत होते, सगळं ऐकू येत होतं. डेलनं गोळी बोटात फिरवून पाहिली. त्याच्या तोंडातलं चघळणं थांबलं.

"म्हणजे लागली होती," तो म्हणाला.

"हो."

"मी तेवढ्या लांबून मारायला नको होतं."

"किती लांबून मारायचं नाही, ते मी तुला सांगितलं नव्हतं."

"तुलाही माहीत नव्हतं, हॅरी."

"नव्हतं. आणि तरी मी पेटीवर 'एल्क' लिहिलं."

डेलनं गोळी परत दिली. "तू गेलाच नसतास शोधायला तर बरं झालं असतं," असं म्हणून तो आत निघून गेला. त्यानंतर थँक्सगिव्हिंग होऊन गेला, नाताळच्या सुट्ट्या आल्या, तरी डेल भाऊंशी कामापुरतंच बोलायचा. कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायचा. भाऊ रोज त्या टेबलाकडे पाहत आणि आपलं सँडविच अर्धं ठेवत.

त्यांनी वंदनेला जाणंही सोडलं. ताई एकट्या जात. कुणी विचारलं तर सांगत, त्यांना बरं नाही. एका रविवारी ताईंबरोबर वंदनेला जायला म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा भाऊ दारातच उभे होते, बूट घालून, पण निघत नव्हते. "ती ओळ मला म्हणवत नाही," ते म्हणाले.

ताई पर्स खांद्याला लावत होत्या. "ओळ म्हणायला माणूस निर्दोष लागत नाही," त्या म्हणाल्या. "तसं असतं तर वंदनेला कुणीच आलं नसतं. चला, उशीर होऊन राहिला."

ते गेले. मागच्या रांगेत बसले. म्हटली का नाही, ते मी पाहिलं नाही.

डेल आला तो फेब्रुवारीत, लॅबच्या दारात. हातात ती पेटी होती. त्यानं ती भाऊंच्या टेबलावर ठेवली. "त्यानंतर मी एकही वापरलं नाही," तो म्हणाला. मग विचारलं, "वेग किती पडला की उघडत नाही, ते काढता येईल का?"

"काढता येईल," भाऊ म्हणाले, आणि खुर्चीवरून इतक्या घाईनं उठले की खुर्ची मागे पडली. त्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून दारू कमी कमी करत गोळ्या मंद केल्या, लांबचा वेग जवळ आणला, आणि चँडलरमधल्या उरल्यासुरल्या डिरेक्टऱ्या संपवल्या. त्यातून जे निघालं ते भाऊंनी पेट्यांवर लिहायला सुरुवात केली: जनावराचं नाव नाही, फक्त 'याच्या पलीकडे मारू नका' आणि अंतर. पण स्वतःशिवाय आणि डेलशिवाय दुसऱ्या कुणासाठी त्यांनी पुन्हा काडतुसं भरली नाहीत.

एक गोष्ट आणखी सुरू झाली, ती कुणी ठरवली नव्हती. डेलनं कुणाला तरी सांगितलं, त्यानं आणखी कुणाला. शिकारीच्या दिवसांत कंपनीच्या फोनवर हॅरीसाठी अनोळखी माणसांचे फोन यायला लागले. जनावर जखमी झालं आहे, सापडत नाही, येशील का? भाऊ रजा टाकत आणि जात. ते काही मुरलेले माग काढणारे नव्हते. डेलला त्यांच्याहून जास्त कळे. पण डेल म्हणायचा, आम्ही सगळे दमतो तेव्हा हा दमत नाही, एवढंच. भाऊंना पुष्कळदा काहीच सापडायचं नाही. रिकामे आले की आठवडाभर त्यांच्याबरोबर गाडीत बसणं अवघड व्हायचं. सापडलं तर गोळी मागून घ्यायचे आणि माणसाला जे झालं ते स्पष्ट सांगायचे. ते ऐकून एकदोघांनी त्यांना शिव्याही दिल्या. एकानं, "तू कुठून आलास रे मला शिकवायला," असंही विचारलं. भाऊंनी उत्तर दिलं, "भंडाऱ्याहून," आणि पुढे सांगत राहिले.

दशक संपत आलं तेव्हा मला टेक्ससमध्ये अर्विंगला नोकरी लागली. तोवर माझ्याकडे स्वतःची गाडी होती. ताईंनी निरोपाला पुरणपोळ्या केल्या, मुलीची खोली आवरून मला तिथे झोपवलं. सकाळी उठले तर भाऊ घरात नव्हते. पहाटेच फोन आला होता. ताई म्हणाल्या, "सांगून गेले, अनघाला म्हणा वरच्या रस्त्यानं जा, भेटून जा. तुला लांब पडेल, पण जा."

मला लांब पडलं, पण गेले. रिमवर ताईंनी सांगितलेल्या वळणावर एक ट्रक उभा होता. मागचं फळकूट पाडून त्यावर एक म्हातारा बसला होता, सत्तरीचा, हातावर हात धरून. त्यानंच काल संध्याकाळी जनावरावर गोळी झाडली होती. पाय साथ देत नाहीत, म्हणाला, नाहीतर मी खाली गेलो असतो. भाऊ कुठवर गेलेत विचारलं तर त्यानं दरीकडे हनुवटी केली.

मी कडेला जाऊन पाहिलं. बऱ्याच खाली भाऊ दिसले. नारिंगी टोपी. वाकून चार पावलं जात, थांबत, परत मागे येत, तीच जागा पुन्हा पाहत. मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं, हात उंच केला. "नीट जा," ते ओरडले. "टायरमध्ये हवा पाहिलीस का?"

"पाहिली."

"पुन्हा पाहा," ते म्हणाले आणि वळले. मला वाटत होतं, ते वर येतील. मी थोडा वेळ थांबले. ते आणखी खाली, पाइनच्या दाटीत गेले. टोपी दिसेनाशी झाली.

मी म्हाताऱ्याचा निरोप घेतला आणि गाडी सुरू केली. खिडकी उघडीच होती. खालून भाऊंचा आवाज आला, मला नाही, त्या म्हाताऱ्याला: इकडून गेलं आहे, मला दिसतंय, चालत राहतो.

म्हातारा फळकुटावरून खाली उतरला आणि ट्रकला धरून उभा राहिला.